सायकलस्वाराचे डोके आणि रस्त्याचे दायित्व



माझ्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला त्याच संध्याकाळी आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासदाने मला चौकात गाठले. म्हणाला, "अण्णा, पगारवाढ, कंत्राटी कामगार, पेन्शन, एवढे विषय वाट बघत उभे असताना तुम्ही डोक्यावरच्या टोपीवर बोलणार?" मी म्हटले, ज्या डोक्याने पगारवाढ मागायची ते शाबूत नको का राहायला? हे उत्तर टाळी घेण्यापुरते ठीक आहे. प्रश्न तेवढ्याने सुटत नाही, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही.

शहरात सायकल चालवणाऱ्याने हेल्मेट घालावे की नाही, हा प्रश्न दिसायला एक असला तरी त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. घालावे का, हा पहिला. घालण्याची सक्ती करून न घालणाऱ्याला दंड करावा का, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे माझ्या मते निरनिराळी आहेत. ती एकच आहेत असे धरून चालल्यामुळे आपल्याकडे या विषयावर चर्चा थोडी आणि कलकलाट फार होतो. पुणेकरांचे आणि हेल्मेटचे वैर जगजाहीर आहे. २०१९ च्या १ जानेवारीपासून पोलिसांनी दुचाकीस्वारांवर कारवाई सुरू केली, तेव्हा या शहरात हेल्मेटविरोधी मोर्चेही निघाले. पण तो वाद स्कूटर-मोटारसायकलवाल्यांचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम त्यांच्यासाठी आहे. सायकल हे मोटार वाहन नव्हे, तेव्हा सायकलस्वारावर तशी सक्ती नाही. आज मी बोलणार आहे तो पायडल मारणाऱ्या माणसाविषयी.

मी शाळा दहावीला सोडली आणि १९८७ साली पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. इंग्रजी शिकलो ते कोश मांडीवर घेऊन. तेव्हा पुढे जे आकडे आणि हिशेब सांगणार आहे ते एका कामगाराने वाचून, ताडून, कागदावर मांडून पाहिलेले आहेत, एवढेच त्यांचे प्रमाणपत्र.

प्रथम हे हेल्मेट म्हणजे काय वस्तू आहे ते पाहू. सायकलचे हेल्मेट हातात घेतले तर वाटते, हे काय डोके वाचवणार! वरून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, आत थर्माकोल. हो, टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, पण घट्ट दाबलेला थर्माकोल. खरे काम तोच करतो, आणि ते काम म्हणजे स्वतः चेपून जाणे.

माणूस सायकलवरून पडला की डोके साधारण दीड मीटर उंचीवरून जमिनीवर येते. जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या घरात असतो. हा वेग शून्य व्हायला किती अंतर मिळते, यावर सगळे अवलंबून आहे. हिशेब सोपा आहे: पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. दीड मीटर म्हणजे १५०० मिलिमीटर. डांबरी रस्त्यावर उघडे डोके आपटले आणि कातडी-हाड मिळून समजा ३ मिलिमीटर दबले, तर १५०० भागिले ३ म्हणजे ५००. डोक्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या ५०० पट झटका बसला. आता मध्ये थर्माकोल आहे आणि तो २० मिलिमीटर चेपला असे धरा. १५०० भागिले २०, म्हणजे ७५. खरा झटका असा सरळ सारखा नसतो, क्षणभर याहून वर जातो. पण तारतम्य कळायला एवढे पुरे. कवटीच्या आत मेंदू आहे तो काही सुपारीसारखा टणक नाही, खरवसासारखा आहे. खरवसाचे भांडे फरशीवर आपटणे आणि गादीवर पडणे यांत जो फरक, तोच इथे आहे.

युरोपात या हेल्मेटची जी चाचणी ठरलेली आहे, ई. एन. १०७८ या क्रमांकाची, ती हेच मोजते. हेल्मेट घातलेले धातूचे डोके सपाट लोखंडी ऐरणीवर त्याच साडेएकोणीस किलोमीटरच्या वेगाने आपटवतात आणि झटका २५० पटींच्या आत राहिला तर हेल्मेट पास. म्हणजे ही वस्तू कशासाठी बनली आहे हे चाचणीच सांगते: सायकलवरून आपल्या उंचीने जमिनीवर पडण्यासाठी. खड्ड्यात चाक अडकले, पावसाने रंगवलेल्या पट्ट्यांवर सायकल घसरली, कुत्रे आडवे आले, उभ्या मोटारीचे दार अचानक उघडले, अशा पडण्यासाठी. सायकल कितीही जोरात पुढे जात असो, डोके खाली येण्याचा वेग मुख्यतः उंचीवरच ठरतो, म्हणून वेगाने जाणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे. पण ताशी चाळीसने येणारा टेम्पो डोक्यालाच भिडला तर? वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ते दुमजली घराच्या गच्चीवरून डोक्यावर पडण्यासारखे झाले. तिथे दोन सेंटिमीटर थर्माकोल थोडेफार करील, फार करणार नाही. आणि ट्रकचे मागचे चाक अंगावरून गेले तर हेल्मेटचा काहीच संबंध उरत नाही.

आता इस्पितळांतला अनुभव. १९८९ साली अमेरिकेतील सिएटल शहरातल्या संशोधकांनी जखमी सायकलस्वारांची तुलना करून लिहिले की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो. हा आकडा जगभर गाजला. पुष्कळांना तो अतिशयोक्त वाटला आणि त्यावर आक्षेपही आले. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील दोघा अभ्यासकांनी ४० पाहण्या, ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वार, असा मोठा हिशेब एकत्र मांडला. त्यांतून गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे दोनतृतीयांशाने कमी दिसली. मी हे मान्य करतो. मात्र हे आकडे इस्पितळाच्या दारात मोजलेले आहेत. पडलेल्या माणसाचे काय झाले ते त्यांतून कळते. माणूस पडलाच का, त्याला कोणी पाडले, हे कळत नाही. आमच्या धंद्यात आम्ही हा फरक फार जपतो. अपघात-रजिस्टरमध्ये "बोट तुटले" अशी नोंद असते, "यंत्राला गार्ड नव्हते" अशी नोंद आम्हाला भांडून करवून घ्यावी लागते.

आणि इथेच दुसरा प्रश्न सुरू होतो.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांताने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले, दोन वर्षांत बाकीचे प्रांत मागोमाग आले. डोक्याच्या दुखापती कमी झाल्या. पण मेलबर्न शहरात पुढच्या वर्षी मोजणी केली तेव्हा सायकलवर दिसणारी मुले सुमारे एकतृतीयांशाने घटली होती. दुखापत कमी झाली ती हेल्मेटमुळे किती आणि सायकलच सुटल्यामुळे किती, यावर तिकडचे विद्वान पस्तीस वर्षे भांडत आहेत. त्याच शहरात २०१० साली भाड्याच्या सायकलींची योजना निघाली आणि २०१९ मध्ये बंद पडली. कारणांत एक कारण हेही सांगितले जाते की रस्त्यात भाड्याने सायकल घेणाऱ्याजवळ हेल्मेट कुठून असणार? इस्रायलने २००७ मध्ये सक्ती आणली आणि शहरातल्या प्रौढांपुरती २०११ मध्ये मागे घेतली. जपानने २०२३ च्या एप्रिलपासून मधला मार्ग काढला: प्रत्येक सायकलस्वाराने हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करावा असे कायद्यात लिहिले, दंड ठेवला नाही.

पण मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते पुन्हा सिएटलचेच. ज्या शहरातून तो ८५ टक्क्यांचा आकडा निघाला, त्या शहराला २००३ पासून किंग काउंटीचा हेल्मेट कायदा लागू झाला होता. २०२२ च्या फेब्रुवारीत तो कायदा त्यांनी स्वतःच रद्द केला. हेल्मेट निरुपयोगी ठरले म्हणून नव्हे. दंडाच्या पावत्या कोणाच्या नावे फाटल्या हे तपासले तेव्हा २०१७ नंतरच्या जवळजवळ निम्म्या पावत्या बेघर माणसांच्या निघाल्या, आणि काळ्या वर्णाच्या सायकलस्वारांवर गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक कारवाई झालेली आढळली. कायदा सर्वांसाठी एकच होता. शिपायाचा हात मात्र ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याच खांद्यावर पडत होता.

आता आपल्या रस्त्याकडे पाहा. पहाटे साडेपाचला विद्यापीठ रस्त्याने जी मंडळी व्यायामाला निघतात, त्यांच्या सायकली पन्नास हजारांच्या, आणि हेल्मेट झाडून सगळ्यांच्या डोक्यावर. त्यांचे मी कौतुकच करतो. त्याच वेळी उलट दिशेने रात्रपाळी संपवून वॉचमन घरी निघालेला असतो. काळी सायकल, मागे कॅरिअरला जेवणाचा डबा, डोक्याला मफलर. पेपर टाकणारी मुले, बांधकामावरचे बिहारी गवंडी, घरकामाला जाणाऱ्या बायका, हा खरा सायकलस्वार वर्ग आहे. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्या दर शंभर माणसांत तेरा माणसे सायकलने जात होती. बरे हेल्मेट हजाराच्या आसपास मिळते; वॉचमनची ती दोन दिवसांची कमाई. सक्ती झाली तर पावती कोणाची फाटेल हे सांगायला ज्योतिषी नको.

पावतीपेक्षा मोठी भीती वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक सभासद दुसऱ्या पाळीहून घरी येत असताना एका टेम्पोने त्याला मागून ठोकरले. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. सात महिने तो घरी होता. भरपाईच्या दाव्यात समोरच्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला: "तुम्ही हेल्मेट घातले होते काय?" मांडी मोडलेल्या माणसाला! मी त्या दिवशी कोर्टाच्या मागच्या बाकावर बसलो होतो आणि मला हसू आवरेना, मग संताप आवरेना. कायद्यात सक्ती नसताना जो प्रश्न सहज विचारला जातो, तो सक्ती आल्यावर शस्त्र होईल. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात असे होते की कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले वा झुगारले, तर मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून बाकी इजांची भरपाई मालक नाकारू शके. त्या एका वाक्याचा आधार घेऊन किती दावे लांबवले गेले हे आम्ही युनियनवाल्यांनी पाहिले आहे. सायकलस्वाराच्या बाबतीत तेच होईल: खड्डा, दिवा नसलेला चौक, उलट दिशेने आलेला डंपर, सगळे पुसले जाईल आणि उरेल ते त्याचे उघडे डोके.

म्हणून कारखान्यातला जुना न्याय मी रस्त्याला लावतो. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात २१ वे कलम होते: यंत्राचा धोक्याचा भाग मालकाने बंदिस्त केला पाहिजे. डोळ्यांच्या रक्षणासाठी गॉगलची गोष्ट आली ३५ व्या कलमात. ते कायदे आता नव्या संहितांत विलीन झाले, तरी क्रम सुटलेला नाही. आधी यंत्राला कुंपण, मग माणसाला गॉगल. रस्त्यावर यंत्र कोणते? वाहन. एकट्या २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत पायी चालणारे तीस हजारांहून जास्त होते. पायी चालणाऱ्याला कोणी हेल्मेट घाल म्हणत नाही. मग सायकलस्वारालाच ते पहिले वाक्य का ऐकवायचे?

हॉलंडने हा क्रम पाळला. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले. आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांच्या हत्या थांबवा" हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. त्यांनी मुलांच्या डोक्यासाठी टोप्या मागितल्या नाहीत, मोटारींचा वेग उतरवण्याची आणि सायकलींसाठी वेगळ्या वाटेची मागणी केली. ती वाट बांधली गेली. आपल्याकडेही सायकलमार्ग बांधले आहेत म्हणा. त्यांवर टपऱ्या, स्कूटरी, झाडांची आळी आणि विजेचे खांब अगदी सुरक्षित असतात.

इथवर माझ्या बोलण्याला आमच्या सभेत नेहमी टाळ्या पडतात. आता जे सांगतो त्याला पडत नाहीत.

१९९४ साली मी ज्या वर्कशॉपमध्ये कामाला होतो तिथे ग्राइंडरना गार्ड नव्हते. आम्ही गार्ड मागत होतो. व्यवस्थापनाने गार्डऐवजी स्वस्तातले गॉगल वाटले आणि मिळाल्याच्या सह्या घेतल्या. मी तेव्हा तरुण, नुकताच कमिटीवर निवडून आलेला. गेट मीटिंगमध्ये मी सांगितले, गॉगल परत करा, गार्ड बसल्याशिवाय घेऊ नका. घेतले तर तेच आपल्या गळ्यात मारतील. सगळ्यांनी परत केले. तिसऱ्या आठवड्यात चाकाचा तुकडा उडून एका सोबत्याचा उजवा डोळा गेला. चार महिन्यांनी गार्ड बसले. आमची मागणी योग्य होती, आजही मी ती तशीच करीन. पण गॉगल परत करायला मी सांगितले होते. तो सोबती मला अजून भेटतो, चहा पाजतो, त्या दिवसाविषयी चकार शब्द काढत नाही.

तेव्हा "आधी रस्ता, मग हेल्मेट" असे कोणी म्हणू लागले की मला तो डोळा आठवतो. रस्ता सुधारण्याची जबाबदारी सरकारची आणि महापालिकेची, ती सोडायची नाही. पण ती पार पडेपर्यंत डोके उघडे ठेवून कोणावर उपकार होत नाहीत. शिवाय रस्ता सुधारला म्हणजे पडणे संपते असेही नाही. हॉलंडमध्येच २०२२ साली सुमारे २९० सायकलस्वार मेले, मोटारीत मेलेल्यांपेक्षा जास्त, आणि त्यांत म्हाताऱ्या माणसांचा भरणा मोठा होता. आता तिथले डॉक्टरच वयस्करांना आणि विजेच्या सायकलवाल्यांना हेल्मेट घ्या म्हणून सांगत आहेत.

एक शंका नेहमी विचारली जाते, ती टाळत नाही. हेल्मेट पाहून मोटारवाले जास्त जवळून जातात म्हणे? इंग्लंडात बाथच्या एका प्राध्यापकाने २००६ साली सायकलला मोजयंत्र लावून पाहिले. हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या. दुसऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासून म्हटले की धोकादायक जवळीक त्यांतून सिद्ध होत नाही. वाद चालू आहे. साडेआठ सेंटिमीटरसाठी मी डोके उघडे ठेवणार नाही. पण हेल्मेट घातले म्हणून फाजील धिटाईही करणार नाही.

मी स्वतः तीन वर्षांपूर्वीपर्यंत घालत नव्हतो. मुलीने आणून दिले तेव्हा "बाबा, नुसते खुंटीला अडकवू नका" असे वर बजावले. मागच्या श्रावणात पुलाच्या उतारावर सायकल घसरली आणि मी डाव्या अंगावर पडलो. घरी येऊन पाहिले तर कानामागे थर्माकोलला आरपार चीर गेली होती. हेल्मेट नसते तर काय झाले असते, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. चीर मात्र मी पाहिली आहे.

युनियनच्या सभासदांना मी आता तीन मागण्या करायला सांगतो. सायकलने येणाऱ्याला कंपनीने बूट देते तसे हेल्मेट द्यावे. सायकल स्टँडजवळ ते ठेवायला खुंट्या असाव्यात, नाहीतर यंत्राशेजारी तेलात पडून ते आठवड्यात टाकाऊ होते. आणि गेटपासून हमरस्त्यापर्यंत दिवे हवेत, पाळी सुटण्याच्या वेळी ट्रक आत-बाहेर करणे बंद हवे. हेल्मेट मिळाल्याची सही करताना या तिसऱ्या मागणीचा अर्ज त्याच दिवशी टाइम ऑफिसात द्या, पोच घ्या. १९९४ मध्ये मला हे सुचले नव्हते.

शेवटी घालायचे कसे ते सांगतो, कारण निम्मे लोक चुकीचे घालतात. कारखान्यातले पिवळे हेल्मेट घालून सायकल चालवू नका. ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी आहे, बाजूला त्यात दाबण्यासारखे काही नाही आणि पडताना ते आधीच उडून जाते. मोटारसायकलचे जड हेल्मेटही नको. पायडल मारताना उकाड्याने जीव जातो आणि मागचा हॉर्न नीट ऐकू येत नाही. सायकलचे हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, सपाट बसले पाहिजे. मागे सरकवून कपाळ उघडे टाकले तर पुढे पडणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. दोन्ही पट्ट्या कानाखाली एकत्र याव्यात आणि हनुवटीखाली एखादे बोट जाईल एवढीच ढील असावी. एकदा जोराने आपटले की ते बाद समजावे. थर्माकोल एकदा चेपला की पुन्हा उभा राहत नाही, वरून कितीही धड दिसो. आतली गादी काढून धुता येते. चैत्र-वैशाखात ती धुवावीच, नाहीतर घरातलेच हेल्मेट बाहेर फेकतील.

मंडपाच्या दाराशी टेबलावर तीन मापांची हेल्मेटे ठेवली आहेत, आणि शेजारी माझे ते चिरलेले. जाताना डोक्यावर घालून पाहा, चिरलेलेही हातात घ्या. पट्टी कशी आवळायची ते दाखवायला मी तिथे थांबतो.